हँगरमधली चंदेरी चिंधी

मला आता सगळे चिंधी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या कडा उसवल्या आहेत, अंगाला तेलाचा वास येतो, आणि मधोमध एक भोक आहे, ज्यात येणारा-जाणारा उगाच बोट घालून बघतो. पण मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझं पूर्वायुष्य चंदेरी होतं. मी मासोळी होते.

म्हणजे खरीखुरी नव्हे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलीतल्या मुलींचा मासोळ्यांचा नाच होता, त्यासाठी एका आईने आपल्या लेकीला झगा शिवला. तो झगा म्हणजे मी. पाठीवर खवले दिसावेत म्हणून आईने गोंद लावून माझ्यावर चंदेरी चमकी चिकटवली, आणि कल्ल्यांच्या जागी थोडी गुलाबी. आईचा हात मुळात सढळ. तिने अख्खी बाटली उपडी केली. इतर मासोळ्यांच्या अंगावर चमकी होती, माझ्या बाबतीत चमकीच्या आत कुठेतरी मासोळी होती. नाच सुरू झाल्यावर आमची मुलगी घाबरली आणि बाकी सगळ्या डावीकडे पोहत असताना एकटी उजवीकडे पोहत गेली. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी आजतागायत माझ्याच धरून चालले आहे. त्या दिवसापासून तिचे बाबा तिला 'मासोळी' म्हणू लागले, आणि पुढे ती त्यांच्यापेक्षा उंच झाली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

नंतर माझ्या नशिबी ट्रंक आली. ट्रंकेत काही घडत नाही, त्यामुळे तिथली हकीकत मी सांगत नाही. एके दिवशी आईने आवराआवर काढली, मला उन्हात धरून पाहिलं, एक उसासा टाकला आणि कात्री घेतली. "सुती आहे. ह्यांना हँगरमध्ये पुसायला होईल," ती म्हणाली. माझे सहा तुकडे झाले. आईने आम्हाला गरम पाण्यात घालून खसाखसा धुतलं आणि जाहीर केलं, "गेली बाई एकदाची ती चमकी." चमकी अशी जात नसते, मित्रांनो. एकदा घरात शिरली की ती घरच्यांपेक्षा जास्त टिकते. माझ्या शिवणीत ती दडून बसली होती, पण मला विचारतो कोण!

अशी मी विमानं ठेवायच्या भल्यामोठ्या शेडमध्ये, म्हणजे विमानांच्या हँगरमध्ये आले. विमानांच्या म्हणजे विमानाच्या, कारण त्या छोट्या उड्डाणशाळेकडे विमान एकच होतं. दोन माणसं बसतील एवढं, पुढे एक इंजिन, एक पंखा. मासोळीचे बाबा तिथले मुख्य मेकॅनिक. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते कामापेक्षा शिकवणी जास्त घेत. मास्तरांचा स्वच्छतेवर भारी जीव. त्यांच्या हँगरच्या जमिनीवर बसून जेवावं इतकी ती लख्ख असे, फक्त जेवायला कुणी बसलं की ते ओरडत. विमान परत आलं की काय करायचं हेही त्यांनी ठरवून दिलं होतं. आधी इंजिनात तेल खुणेपर्यंत भरायचं, मग विमानाचं पोट पुसायचं, मग गप्पा. मासोळी हे नियम अक्षर ओळखायच्या आधीपासून ऐकत आली होती.

मी मास्तरांची लाडकी होते. दुसरी फडकी सूत सोडतात, मी सोडत नसे. "ही बघ," ते लोकांना दाखवत, "पुसल्यावर मागे काही म्हणून ठेवत नाही." ऐकून मला मनातल्या मनात गुदगुल्या होत. दिवसभर मी त्यांच्या खांद्यावर असे. बाकीच्या पाच बहिणी खिळ्याला लटकत आणि माझ्यावर जळत.

आता तो दिवस सांगते. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. ते फार लांबून आणि फार क्वचित येत. एकदा आले की पुन्हा कधी उगवतील याचा नेम नसे. मासोळीची वैमानिक होण्याची शेवटची परीक्षा ते घेणार होते, याच विमानात, शेजारी बसून. ती कित्येक महिने झोपेतसुद्धा विमान उतरवत होती.

सकाळी मास्तरांनी इंजिनाचं तेल बदललं. खालच्या तोंडाचा प्लग काढून जुनं तेल सोडलं, नवा फिल्टर लावला, प्लग परत बसवला, नवं तेल ओतलं. आता राहिली होती तार. इंजिन थरथरतं, आणि थरथरीने प्लग फिरून सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तारेने जखडून टाकतात. मास्तरांनी तार हातात घेतली आणि तेवढ्यात मासोळी आली.

"ये. हे बघ," मास्तर तार नाचवत म्हणाले. "माणूस बुडतो तो मोठ्या चुकीने नाही. अशी एवढीशी तार राहते ना, तिने बुडतो. काय म्हणालो?"

"तारेने बुडतो," मासोळी जांभई दाबत म्हणाली.

शिकवणी चांगलीच रंगली होती, इतक्यात उड्डाणशाळेचे साहेब दारातून ओरडले, "मास्तर, जरा येता का? परीक्षकांच्या खोलीला पडदे लावायचेत, माप कमी पडतंय!" मास्तरांनी तार खिशात टाकली आणि गेले. परत आले, मला हात पुसले, विमानाकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "झालं सगळं. जा, एक शेवटचा सराव करून ये." मी खांद्यावर होते. खिसा माझ्या खालीच होता. पण चिंधीला तोंड नसतं, मित्रांनो, आणि मास्तरांना कान असून उपयोग नव्हता, कारण साहेबांनी पडद्यांसाठी पुन्हा हाक मारली. मला खिळ्याला अडकवून ते पुन्हा गेले.

मासोळी फार लवकर परतली. विमानातून उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने वाकून खाली पाहिलं. विमानाचं पोट नाकापासून शेपटीपर्यंत तेलाने माखलं होतं, आणि सैल झालेल्या प्लगमधून अजून थेंब पडत होते. दुसरं कुणी असतं तर तिथेच बोंब ठोकली असती. पण ही मास्तरांची लेक. घाबरलेल्या माणसाचे हात सवयीचंच काम करतात. तिने पाना घेऊन प्लग घट्ट केला. पिंपातून तेल काढून इंजिनात खुणेपर्यंत भरलं. मग आम्हा सहाही जणींना घेतलं आणि रडत रडत विमान पुसून काढलं. मी इतकी चिंब झाले की मला माझंच वजन पेलवेना. पाच बहिणी पार भिजून कचऱ्याच्या डब्यात गेल्या, आणि कचऱ्याची गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली. मी तेवढी पिळून, खळखळून धुऊन परत खिळ्यावर गेले, कारण मी लाडकी.

पडदे लावून मास्तर आले आणि दारातच थबकले. "वा!" ते म्हणाले. "आरशासारखं दिसतंय. शाब्बास!"

"बाबा, वर असताना तेल गेलं."

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याखालचा चेहरा बदलला. "किती गेलं?"

"बरंच."

"आता किती आहे?"

"खुणेपर्यंत."

"मग गेलं म्हणतेस ते?"

"मी भरलं परत."

"किती भरलंस?"

"खुणेपर्यंत."

"अगं, पण आधी किती उरलं होतं ते पाहिलंस का?"

मासोळीने नकारार्थी मान हलवली.

"बरं, पोटावर कुठवर आलं होतं? ओघळ कुठून होता?"

"पुसला."

मास्तर स्टुलावर बसले. "फडकी कुठायत? ती पिळून तरी अंदाज येईल."

"गाडी घेऊन गेली."

"अगं, सगळा पुरावा धुऊन टाकलास की!"

"तुम्हीच शिकवलंत!" मासोळीचा आवाज चिरकला. "आधी तेल, मग पुसणं, मग गप्पा!"

मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तेलाच्या दाबाचा काटा कुठे होता?"

मासोळीने आपल्या बुटांकडे पाहिलं. "जरासा खाली आला होता."

"जरासा म्हणजे?"

"म्हणजे... जरासा."

इथे थोडं थांबून सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. इंजिनाच्या आत सगळे भाग एकमेकांना खेटून फिरतात आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. दाबाचा काटा थोडासाच उतरला असेल, तर फिल्टर तपासायचा, आत दिवा घालून डोकावायचं, जमिनीवर चालवून बघायचं आणि बरं असेल तर सोडायचं. पण काटा तळाला गेला असेल, तर थर गेला आणि धातूवर धातू घासला असं समजायचं. मग बाहेरून इंजिन कितीही साळसूद दिसो, ते उतरवून पूर्ण उघडायचं. त्याला महिने लागतात. म्हणजे उद्याची परीक्षा गेली. आणि न उघडता तसंच उडवलं आणि हवेत बंद पडलं, तर त्यात मासोळीच असणार. सगळं त्या एका 'जरासा'वर येऊन अडलं होतं.

मास्तर दिवा घेऊन विमानाखाली शिरले. प्लग घट्ट होता. तार नव्हती. त्यांचा हात सावकाश खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "हं," ते म्हणाले. विमानाखालून एवढंच आलं. बाप-लेक दोघंही आता काहीतरी गिळून बसली होती आणि एकमेकांशी भलत्याच अदबीने वागत होती. "तो पाना देतेस का?" "हा घ्या ना बाबा." घरात एरवी असलं काही चालत नसे.

फिल्टर उतरवला. तो त्या सकाळीच लावलेला होता, म्हणजे त्यात जे सापडेल ते आजचंच. मास्तरांनी त्याचा पत्रा गोल कापला, आतला घड्याघड्यांचा कागद काढला, तो माझ्यात गुंडाळला आणि शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात धरून पिळला. तेल निथळलं. साहेब नखं कुरतडत शेजारी उभे होते. मास्तरांनी कागद पांढऱ्या ताटलीवर उलगडला आणि दिवा जवळ नेला.

कागद लखलखला.

काय सांगू तुम्हाला! जिकडे बघावं तिकडे चंदेरी कण. साहेबांच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. मासोळीने ओढणीचं टोक तोंडात धरलं. मास्तरांनी चुंबक आणून कणांवरून फिरवला. एकही चिकटला नाही.

"चिकटत नाही, म्हणजे चांगलं ना?" साहेबांनी आशेने विचारलं.

"लोखंड नाही एवढंच. म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या बेअरिंगचा मऊ धातू. म्हणजे आणखी वाईट."

"पण मास्तर, थोडीफार चमक चालत नाही का?"

"लग्नात चालते, साहेब. इंजिनात नाही."

आणि मी? मी शिकंज्याच्या दांड्यावर लोंबकळत होते आणि जिवाच्या आकांताने ओरडत होते, की अहो, ती चमकी माझी आहे! पिळताना शिवणीतून सुटलेले माझे खवले आहेत! पण ते ऐकणार कसे? आयुष्यात पहिल्यांदा मला त्या टाळ्यांची लाज वाटली. साहेब परीक्षकांना फोन करायला निघाले. मासोळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्तर त्या ताटलीकडे असे बघत होते, जणू घरातलं कुणी त्यात निजलंय.

तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आली. संध्याकाळ होत आली तरी दोघं जेवायला आली नाहीत म्हणून ती स्वतःच निघाली होती. तिने तिघांची तोंडं पाहिली, डबा ठेवला आणि ताटलीवर वाकली.

"काय आहे हे?"

"इंजिनाचं बेअरिंग," मास्तर खोल आवाजात म्हणाले. "आतून खाल्लं गेलंय."

आई आणखी वाकली. "अहो, यातला एक गुलाबी आहे."

"असेल."

"इंजिनात गुलाबी काय असतं?"

मास्तरांनी दिवा आणखी जवळ ओढला. साहेब दारातून परत आले. मासोळी वळली. तिघांनी ताटलीत डोकी घातली, आणि खरंच, चंदेरी कणांच्या मधोमध एक गुलाबी कण मजेत चमकत होता. आईने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, शिवण उलटी केली आणि नखाने खरवडली. चार कण तिच्या तळहातावर पडले.

"ही तर माझी मासोळी! मी हिला इतकं धुतलं होतं, मेलीची चमकी जाता जात नाही!"

मास्तरांनी डाख द्यायची तापलेली कहिया आणून एका कणाला टेकवली. धातू असता तर जळला नसता. तो आक्रसला, काळा पडला आणि प्लॅस्टिकचा वास आला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मग मास्तर हसायला लागले. साहेब हसले, आई हसली, मासोळी हसता हसता हुंदके देऊ लागली. तिला वाटलं, कुणाला कळणार नाही. मला कळलं.

"चला, म्हणजे फिल्टर स्वच्छ!" साहेब म्हणाले आणि त्यांनी चटकन विमान उडवायच्या परवानगीचा कागद पुढे केला. "आता आत डोकावून बघा, चालवून बघा आणि द्या सही. उद्या परीक्षा."

मास्तरांनी डोकावून पाहिलं. दुसरा फिल्टर लावून चालवून पाहिलं. इंजिन नेहमीसारखंच गुरगुरलं. त्यांनी पेन काढलं. पण ते सही करेनात. पेन कागदाच्या वर तसंच, आणि दुसरा हात खिशात.

"बाबा, थांबा," मासोळी म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता, की साहेबांना वाटलं कुणी चहा विचारतंय.

"काटा जरासा नव्हता. शून्यावर होता. खाली पाण्याची टाकी दिसली तिथपासून धावपट्टीपर्यंत शून्यावर. मी दोनदा टिचकी मारून बघितली."

साहेब घाईघाईने म्हणाले, "काटा बिघडला असेल! जुनं विमान आहे. आणि फिल्टर तर स्वच्छ निघाला ना?"

"निघणारच," मास्तर म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तेलच नसेल तर कण फिल्टरपर्यंत वाहून कोण आणणार? मी मघापासून तेच मनात घोळवतोय आणि तोंडातून काढत नाहीये." त्यांनी खिशातून तार काढली आणि ताटलीशेजारी ठेवली. "ही सकाळी प्लगला बांधायची होती. मी बांधली नाही. तिला तारेवर व्याख्यान दिलं आणि तार खिशात घालून पडदे लावायला गेलो."

मासोळी तारेकडे बघतच राहिली. रागावावं की रडावं हे तिला ठरवता येईना. "मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"मीही त्याच भीतीने," मास्तर म्हणाले.

आईने कमरेवर हात ठेवले. "झालं दोघांचं? साहेब, तुमचं काही राहिलंय का सांगायचं?"

साहेब दचकले. "माझं? म्हणजे... पडद्यांसाठी मीच बोलावलं होतं. दोनदा. आणि पडदे अजूनही आखूडच आहेत."

"मग आता हात धुवा आणि जेवा. आणि त्या चिंधीला हात पुसू नका, नाहीतर जेवणात चमकी यायची."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांनी आखूड पडद्यांच्या खोलीत चहा घेतला, इंजिन उतरवल्यामुळे नाकाच्या जागी रिकामी चौकट असलेलं विमान पाहिलं, "बरं, मग पुढच्या वेळी," म्हणाले आणि गेले. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मासोळी हसतमुख होती. नंतर ती विमानाच्या चाकाला टेकून बसली आणि भरपूर रडली. मी तिच्या हातात होते. तेलानंतर डोळ्यांतलं पाणी टिपणं मला जड गेलं नाही, पण फार वाईट वाटलं.

काही दिवसांनी इंजिन पूर्ण उघडलं. मास्तरांनी आतल्या दांड्याभोवतीचं बेअरिंग काढलं. अर्ध्या बांगडीसारखा तो तुकडा, त्याच्या आतल्या अंगाला राखाडी, मऊ, सारखा थर असायला हवा. थर जवळजवळ उरलाच नव्हता. खालचं तांबूस अंग उघडं पडलं होतं आणि त्यावर खोल ओरखडे होते. अजून एक-दोन उड्डाणं, आणि ते दांड्याला चिकटून बसलं असतं. मास्तरांनी तो तुकडा मासोळीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवली. ते नुसते तिची मूठ धरून उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांनी ती सोडली नाही.

मला मात्र हँगरमधून काढून टाकलं. चमकीच्या कुठल्याही वस्तूला आत यायची बंदी झाली, आणि बंदीची पाटी मास्तरांनी स्वतः रंगवली. आता मी त्यांच्या घरी मोरीच्या दाराशी असते. सगळ्यांचे ओले पाय माझ्यावर. लाडकं म्हणून कुणी खांद्यावर घेत नाही, उन्हात वाळत घालायलाही विसरतात. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो, की आठवड्यातून एकदा तरी आमच्यासारख्यांना ऊन दाखवा. वास आम्हालाही येतो.

आणि तुमच्या हातून कधी काही सांडलं, गळलं, फुटलं, तर पुसायला मी आहेच. मला बोलावलंत तर लगेच येईन. पण मला हाक मारायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा आणि जे झालं ते झालं तेवढं सांगा, त्यातलं अर्धं नको. आणि सांडणारा मोठा माणूसच असेल, तर त्यानेही घरातल्या लहानांना बोलावून सांगावं. त्याला जरा जास्त वेळ लागतो, तेवढा द्या.